सूड : ८६ टक्के

संयोगिता चौगुले अकरा वर्षं ब्लॉग कशासाठी लिहीत होती, हे एका गुरुवारी सकाळी सव्वानऊला साऱ्या जगाला कळलं. तिच्या लक्षात यायला पावणेदहा वाजले, कारण त्या वेळी ती पॉलिशिंगच्या चाकापाशी उभी राहून एका तुटलेल्या शाफ्टचा तुकडा घासत होती.

कोल्हापुरात उद्यमनगरात तिची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. फाउंड्र्या, साखर कारखाने, पंप बनवणारे, सगळ्यांचं मोडलेलं सामान तिच्याकडे यायचं आणि ते का मोडलं हे ती सांगायची. आणि दर गुरुवारी सकाळी ‘भेग’ या आपल्या ब्लॉगवर एक लेख टाकायची. पोलाद कसं थकतं, वेल्डिंग आतून कसं सुटतं, चाचणीचा अहवाल वाचताना नेमकं कुठं बोट ठेवायचं, असलं सगळं साध्या मराठीत. शिरोलीच्या फाउंड्र्यांतले फोरमन तो वाचायचे, पॉलिटेक्निकची मुलं वाचायची, निवृत्त इन्स्पेक्टर वाचून शंका विचारायचे. मागल्या वर्षी एका कॉलेजनं तिला शाल-श्रीफळ दिलं. “मी विद्यार्थ्यांसाठी लिहिते,” असं ती भाषणात म्हणाली आणि टाळ्या पडल्या.

त्या गुरुवारी ‘भेग’ या नावाखाली बोटभर उंचीची एक करडी पट्टी उमटली होती.

सूड ८६. शिकवण्याची आवड ९. नावलौकिक ३. इतर २.

संयोगितानं हात पुसले. चष्मा काढून पदरानं काचा पुसल्या आणि परत बघितलं. आकडे तेच होते.

हेतुदर्शी यंत्राबद्दल तिनं वर्षभर वाचलं होतं, पण ते आपल्या दारात येईल असं तिला वाटलं नव्हतं. त्यामागची कल्पना तशी सोपी. कुठलीही गोष्ट शंभर प्रकारे सांगता येते. ‘अहवालात चूक होती’ असं म्हणता येतं, ‘अहवाल देणाऱ्यानं चूक केली’ असं म्हणता येतं, आणि ‘ही चूक अहवाल देणाऱ्याला दिसायला हवी होती’ असंही म्हणता येतं. माहिती एकच. पण त्या शंभरांतलं कुठलं वाक्य माणूस उचलतो, कुठला पुरावा गरज नसताना दोनदा देतो, कुणाला वाक्यात पुढं उभं करतो आणि कुणाला गाळतो, हे तो ठरवून करत नाही. त्याच्या आत जे चाललेलं असतं ते त्याच्याकडून करून घेतं. संशोधकांनी चाळीस हजार माणसांना मेंदूच्या स्कॅनरखाली लिहायला लावलं. मेंदूत काय पेटतंय आणि कागदावर काय उतरतंय, याच्या जोड्या यंत्राला शिकवल्या. यंत्र शिकलं आणि मग स्कॅनरची गरज उरली नाही, नुसता मजकूर पुरेसा झाला. एका लेखावरून त्याचा अंदाज चुकायचा, पण दोनशे लेख मिळाले की फारसा चुकायचा नाही. संयोगिताचे पाचशे सहासष्ट होते.

यंत्र चुकलं, असं म्हणायची सोय तिला नव्हती. तुटलेल्या पोलादाच्या तोंडावर बारीक रेषा असतात, प्रत्येक ताणाची एक. भिंगाखाली त्या मोजल्या की तो भाग किती दिवस, कुठल्या बाजूनं ओढला जात होता ते कळतं. ती रोज हेच काम करून पोट भरत होती. तिच्या लिखाणाचं कुणीतरी तेच केलं होतं आणि बरोबर केलं होतं.

व्यावसायिक सल्ला देणाऱ्या प्रत्येक ब्लॉगवर ही पट्टी लावायची, असा कायदा त्या महिन्यात लागू झाला होता. सल्ल्याच्या नावाखाली माल खपवणाऱ्यांना चाप बसावा, हा त्यामागचा उद्देश. सुरुवातीला लोकांना मोठी गंमत वाटली. वजन घटवायचे धडे देणाऱ्या एका डॉक्टरांच्या ब्लॉगखाली ‘पावडरची विक्री ९१’ आलं तेव्हा गल्लोगल्ली लोक हसले. यंत्राकडून लिहून घेतलं तर तसा शिक्का पडायचा. पण हुशार कंपन्यांनी पंधरा दिवसांत पळवाट काढली. मनापासून काम करणारा एखादा नवखा इंजिनिअर लेखक म्हणून ठेवायचा. तो बिचारा कळकळीनं लिहितो आणि पट्टी स्वच्छ राहते.

विश्वजित पोतनीसांनी तेच केलं होतं. ‘पोतनीस परीक्षण’च्या ब्लॉगखाली त्या सकाळी लिहिलेलं होतं : लोकांची सुरक्षितता ७४.

तेरा वर्षांपूर्वी संयोगिता पोतनीसांच्याच कंपनीत होती. एका साखर कारखान्यातली ऊस उतरवायची क्रेन तिनं तपासली. हुकाच्या मानेत चार मिलिमीटरची भेग होती. ‘वापर ताबडतोब बंद करा’ असं तिनं अहवालात लिहिलं. गाळप ऐन भरात होतं आणि कारखान्याला क्रेन थांबवायची नव्हती. पोतनीसांनी अहवाल फिरवला. ‘दोष आढळला नाही’ असा मजकूर आणि खाली तिची सही. सतराव्या दिवशी हुक तुटला. खाली साखळी अडकवणारा माणूस उभा होता. त्याचं नाव इलाही मुजावर, वय एकोणतीस.

चौकशीत सही बोलली. संयोगिताच्या वहीतली नोंद समितीनं बघितली आणि वहीत काय, कधीही लिहिता येतं, म्हणून बाजूला ठेवली. तिचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. पोतनीसांनी समितीपुढं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, “मुलगी हुशार आहे हो, पण घाईची आहे.” त्या वाक्यानं तिला जेवढं जाळलं तेवढं परवाना जाण्यानंही नाही.

परवाना परत मिळाला त्या आठवड्यात तिनं ‘भेग’ सुरू केला. पोतनीसांचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. पण त्यांच्या प्रत्येक कामावर तिचा डोळा असायचा. त्यांनी नवं अल्ट्रासाउंड यंत्र घेतलं की पुढल्या गुरुवारी लेख यायचा : यंत्र घेतलंय, पण ते खरं बोलतंय का हे रोज कशावर ताडून बघतात, ते विचारा. त्यांना पुलाचं काम मिळालं की लेख यायचा पुलाच्या बेअरिंगवर. त्यांची गिऱ्हाइकं तो लेख हातात घेऊन त्यांना प्रश्न विचारायची, आणि हे कानावर आलं की त्या दिवशी संयोगिताला जेवण गोड लागायचं. त्यांचे जाहीर झालेले अहवाल ती शब्द न् शब्द तपासायची. अकरा वर्षांत एकातही खोट सापडली नाही. दर वेळी ती निराश व्हायची.

त्या गुरुवारी दुपारी दस्तगीर मुजावर दारात येऊन उभा राहिला. इलाहीचा थोरला भाऊ. नमुने कापायचं, लेथवर खरादायचं काम तो प्रयोगशाळा उघडल्या दिवसापासून करत होता. नोकरी मागायला आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं होतं, “सही तुमची, पण मजकूर तुमचा न्हाई म्हणत्यात. खरं का?” तिनं वही दाखवली होती. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला होता. त्यानंतर दोघांत तो विषय कधी निघाला नाही.

“बाई, एक विचारू?”

“विचारा ना, दस्तगीरभाई.”

“ते पट्टीवर आलंय ते खरं हाय?”

“हो.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “सगळं? म्हंजे पहिल्यापासनं?”

“पहिल्या लेखापासून.”

तो खुर्चीवर बसला. तिच्यासमोर तो कधी बसायचा नाही. “मी काय समजत हुतो सांगू? मला वाटायचं, या बाईचं सगळं गेलं. नाव गेलं, नोकरी गेली. तरी ती कुणाला शिव्याशाप देत न्हाई. पोरांना शिकवत बसलीया, पुन्हा कुणाचा हुक तुटू नये म्हणून. तिला जमतंय तर मला का जमू नये? सहा वर्सं लागली बाई मला. पण मी त्या माणसाला माफ करून टाकलं. नमाजाला बसलो की पहिल्यांदा तेवढं म्हणायचो. तुमच्याकडं बघून.”

संयोगितानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आता ती माफी माघारी कुठं ठेवू?” दस्तगीर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यानं टोपी घातली, खरादावरचं बटण बंद केलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

शनिवारी ती जेवत असताना पोतनीसांचा फोन आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

“नमस्कार, संयोगिताबाई. पोतनीस बोलतोय. अभिनंदन करायला फोन केला.”

“कशाबद्दल?”

“अहो, सातत्याबद्दल. अकरा वर्षं! गुरुवार उजाडला की मनात एकच. आज बाई कुठं बोट घालणार? तुमचा लेख वाचून झाल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही माझ्या. प्रत्येक अहवाल सही करण्याआधी तुमच्या डोळ्यांनी वाचायची सवय लागली होती. दोनदा गोळी वाढवली डॉक्टरांनी.” ते मोकळेपणानं हसले. “परवा पट्टी बघितली. मग दोन कप चहा घेतला. आता तुम्ही काहीही लिहा. लोक म्हणतील, बाईचा सूड चाललाय.”

त्यांनी फोन ठेवला. म्हणजे ते वाचत होते! क्षणभर संयोगिताला आनंदच झाला. आपला एकेक बाण अकरा वर्षं नेमका लागत होता तर. मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि हातातला चमचा तिनं खाली ठेवला. या माणसाच्या अहवालांत अकरा वर्षं खोट का नव्हती? तो सुधारला म्हणून नव्हे. भीतीनं. आणि ती भीती आता उतरली होती.

वाचक गळायला लागले. कॉलेजनं व्याख्यान पुढं ढकललं आणि कधी ते कळवलं नाही. एका जुन्या वाचकानं लिहिलं, ‘मॅडम, तुमच्या लेखांवर मी माझ्या मुलाला इंजिनिअर केला. आता तेच लेख वाचताना तोंडाला कडू लागतंय.’

दीड महिन्यानं गडाई देवीच्या रोपवेचा सुरक्षा अहवाल जाहीर झाला. डोंगरावरच्या देवळाकडे जाणारे ते पाळणे चैत्री यात्रेच्या तीन दिवसांत पन्नास-साठ हजार माणसं वर नेतात. तपासणी पोतनीस परीक्षणची. निकाल : दोराच्या पूर्ण लांबीत तुटलेल्या तारा शून्य.

रोपवेचा पोलादी दोर सहा पेडांचा असतो आणि एकेका पेडात छत्तीस तारा. बाहेरची तार तुटली तर डोळ्यांना दिसते, आतली दिसत नाही. त्यासाठी दोर एका चुंबकाच्या कड्यातून ओढतात. दोर अखंड असेल तर चुंबकाचा प्रवाह त्याच्या आतून सरळ जातो. तार तुटलेली असेल तिथं तो बाहेर सांडतो आणि आलेखावर काटा उभा राहतो. काट्यांच्या मधे बारीक खरखर असते. दोराची थरथर, वारा, गिअरचा हिसका, यांची ती खरखर. एकाच दोराची एकाच दिवशी दोनदा चाचणी घेतली तरी खरखर वेगळी येते. चार वर्षांपूर्वी पोतनीसांनी रोपवेच्या कामात हात घातला तेव्हा संयोगितानं या खरखरीवर लागोपाठ तीन लेख लिहिले होते.

तिनं यंदाचा आलेख उघडला. शेजारी गेल्या वर्षीचा ठेवला. मग एकावर दुसरा ठेवला. सहाशे मीटरपासून नऊशे मीटरपर्यंत दोन्ही आलेखांत केसाचाही फरक नव्हता. खरखरीसकट.

तिथं यंदा काय दिसलं होतं, जे झाकायला पोतनीसांनी गेल्या वर्षीचा तुकडा आणून चिकटवला? यात्रेला एकोणीस दिवस होते.

तिनं त्याच सकाळी लेख लिहिला, आणि पहिल्यांदाच पोतनीसांचं नाव घेऊन लिहिला. लेख ब्लॉगवर चढला आणि खाली पट्टी उमटली : सूड ९३. पहिली प्रतिक्रिया आली, ‘बाई, आता पुरे करा.’ तिनं लेख उतरवला. पुन्हा लिहिला, शाळेच्या पुस्तकासारखा कोरडा. सूड ९५. लपवायच्या धडपडीतूनही यंत्राला तेच वाचता येत होतं. तिनं सात वेळा लिहिला. तुम्ही तुमच्या नावानं लिहा, असं एका निवृत्त इन्स्पेक्टरला विनवलं. ते म्हणाले, “तुमच्या दोघांच्या भांडणात मला कशाला ओढता?”

मग ती थेट डोंगरी वाहतूक कक्षात गेली. टिपुगडे नावाचे अधिकारी होते. सज्जन माणूस, पण नियमाला धरून चालणारा. त्यांनी तिचा तक्रारअर्ज यंत्रात घातला आणि मान हलवली.

“मॅडम, साठच्या वर सूड असला की अर्ज मागच्या रांगेत जातो. माझ्या हातात काही नाही. खोट्या तक्रारींनी ऑफिस भरून गेलं होतं हो आमचं.”

“मागच्या रांगेत म्हणजे किती दिवस?”

“सहा-सात आठवडे.”

“यात्रा एकोणीस दिवसांवर आली आहे, साहेब. तुम्ही आलेख बघा. नुसता बघा!”

“मी मेकॅनिकलचा नाही, मॅडम. आणि अर्जाला क्रमांक लागल्याशिवाय मला जोडपत्र उघडता येत नाही.” टिपुगडे ओशाळून म्हणाले. “तुमचा त्या पोतनीसांवर राग आहे, हे खरं ना?”

“राग?” संयोगिता म्हणाली. “तो माणूस माझ्यासमोर उकळत्या तेलात पडला तर मी वरून झाकण ठेवीन. पण दोर तुटलेला आहे की नाही, याच्याशी त्याचा काय संबंध?”

टिपुगड्यांच्या टेबलावरचं यंत्र मंद हिरवं लुकलुकत होतं. त्यांनी अर्जावर ‘विलंबित’ असा शिक्का टाकला.

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा कुलूप उघडं होतं. दस्तगीर खरादापाशी उभा होता. दीड महिन्यात पांढरी दाढी वाढली होती. त्यानं तिचा लेख वाचला होता, खालच्या प्रतिक्रियाही वाचल्या होत्या.

“माझी बहीण यात्रेला खेळण्यांचा गाडा लावती,” तो म्हणाला. “पाळण्यांच्या खालीच जागा असती तिची. बाई, दोर खरंच तुटलाय का, का तुम्हाला तुटायला पायजे हाय?”

इतका नेमका प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

“मला तुटायला हवाच होता. अकरा वर्षं वाट बघितली मी. पण तो तुटलाय. हे बघा.” तिनं दोन्ही आलेख पडद्यावर एकावर एक ठेवले.

दस्तगीर शिकलेला सातवीपर्यंत. पण तिचे खरखरीवरचे तिन्ही लेख त्यानं वाचले होते. पडद्याजवळ तोंड नेऊन तो बघत राहिला.

“ही खरखर दोन्हीकडं एकच हाय की,” तो म्हणाला. “असं कसं हुईल?” आणि थोड्या वेळानं, “मला तर बगितल्या बगितल्या कळलं. तुम्ही एवढं लिहीत कशाला बसलाय?”

संयोगितानं पडद्यावर आपला लेख उघडला आणि त्यातली पहिली ओळ पुसली.

पुढल्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला ‘भेग’वर नवा लेख आला. त्यात तिचा एकही शब्द नव्हता. शीर्षक नाही, खुलासा नाही, नाव नाही. जाहीर झालेले दोन आलेख, त्यांच्यावर रोपवेचा आणि कंपनीचा छापील शिक्का आणि दोन वर्षं, आणि खाली तेच दोन्ही एकमेकांवर ठेवलेले. यंत्रानं त्यात शब्द शोधले, हेतू शोधला. करड्या पट्टीवर अक्षरं आली : मजकूर नाही.

तासभर काहीच झालं नाही. मग शिरोलीच्या एका फोरमननं विचारलं, ‘दोन वेगळ्या वर्षांचे आलेख आहेत ना? मग सहाशेच्या पुढं खरखर तीच कशी?’ पॉलिटेक्निकच्या एका मुलीनं दोन्ही आलेखांतले आकडे काढून वजाबाकी केली आणि शून्यांची रांग टाकली. तोंडाला कडू लागणाऱ्या त्या जुन्या वाचकानं लिहिलं, ‘माझी सून आणि नात यात्रेला जाणार आहेत. मी आत्ता तक्रार नोंदवली. तुम्हीही नोंदवा.’ सूडापोटी तिनं ज्यांना अकरा वर्षं अहवाल वाचायला शिकवलं होतं, ती सगळी माणसं एकदम बोलायला लागली. रविवारपर्यंत टिपुगड्यांच्या कक्षात चारशेबारा अर्ज आले. कुणाच्या पट्टीवर काळजी ८०, कुणाच्या भीती ७५. एकही अर्ज मागच्या रांगेत गेला नाही.

यात्रेला नऊ दिवस असताना रोपवे बंद झाला. यात्रेकरू त्या वर्षी पायऱ्यांनी चढले आणि देवस्थानाला शिव्या देत उतरले.

पुढं जे व्हायचं ते रीतसर झालं. पोतनीसांचा परवाना कायमचा गेला. त्यांचा तो कळकळीनं लिहिणारा इंजिनिअर साक्षीला उभा राहिला. साखर कारखान्याची जुनी फाइल उघडली आणि संयोगिताची वही यंत्राखाली गेली. तेव्हाच्या तिच्या त्या चार ओळींत यंत्राला फक्त घाबरलेला माणूस दिसला. पण कुणी विचारलं तर संयोगिता यातलं काही सांगत नाही. ती सांगते त्या सोमवारची सकाळ.

दोराचा संशयित तुकडा कापून, सगळ्यात जवळच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत उलगडून बघायचा, असा नियम होता. जवळची प्रयोगशाळा तिचीच होती. ती स्वतः टिपुगड्यांना म्हणाली, “माझ्याकडं नको. माझी पट्टी तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हणूनच तर,” टिपुगडे म्हणाले. “तुम्ही मोजलेलं उद्या कुणी मानणार नाही. नियमात सोय आहे. आधीच्या तपासनीसानं स्वतः समोर बसून, स्वतःच्या तोंडानं मोजायचं. मी लिहून घेईन.”

सोमवारी अकरा वाजता विश्वजित पोतनीस तिच्या प्रयोगशाळेत आले. सहासष्टीचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. दस्तगीरनं हातभर दोर शिकंज्यात आवळला होता. पोतनीस स्टुलावर बसले. टिपुगडे कागद-पेन घेऊन बाजूला. संयोगिता खिडकीला टेकून उभी राहिली. ती काहीच करणार नव्हती, नुसती बघणार होती.

दस्तगीरनं टोच्या घालून पहिला पेड उचलला. आतून गंजाची विटकरी भुकटी ओट्यावर सांडली. तुटलेल्या तारांची टोकं उन्हात चकाकली.

“एक,” पोतनीस पुटपुटले.

“मोठ्यानं,” संयोगिता म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. “एक. दोन. तीन.”

सातव्या तुटक्या तारेला दोर बाद होतो. सात झाल्या. दहा झाल्या. दस्तगीर एकेक तार चिमट्यानं वेगळी करून त्यांच्यापुढं धरत होता, ते आकडा बोलत होते, टिपुगडे लिहीत होते. पोतनीसांच्या शर्टाची पाठ भिजून चिकटली होती. सूड घेऊन माणसाला आतून रितं वाटतं, असं संयोगितानं पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. तिला तसं काही वाटत नव्हतं. तिला फार बरं वाटत होतं. पुष्कळ वर्षांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं.

चोविसाव्या तारेला पोतनीस थांबले.

“सातचा नियम आहे,” ते टिपुगड्यांना म्हणाले. “चोवीस झाल्या. आणखी कशाला?”

“अहवालात शून्य लिहिलंय तुम्ही,” संयोगिता म्हणाली. “शून्यापासून शेवटपर्यंत मोजायचं.”

“मला जरा पाणी मिळेल का?”

ती जागची हलली नाही. दस्तगीरनं चिमटा ठेवला, हात फडक्याला पुसले आणि माठातलं पाणी आणून दिलं. पोतनीस घटाघटा प्यायले. दस्तगीर त्यांच्यासमोर उभा होता.

“मी इलाहीचा भाऊ,” तो म्हणाला.

पोतनीसांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. “कोण इलाही?”

दस्तगीरचा हात आता उठेल असं संयोगिताला वाटलं, आणि तो उठावा असंही वाटलं.

दस्तगीरनं रिकामा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. तो ओट्याच्या कडेला नीट ठेवला. मग टोच्या घालून दुसरा पेड उचलला.

“सांगतो,” तो म्हणाला. “तुम्ही मोजत ऱ्हावा, मी सांगत ऱ्हातो. वेळ हाय आपल्याला.”

“पंचवीस,” पोतनीस म्हणाले.